चक्कीवाल्याच्या घरचं जातं

आमच्या गावच्या चक्कीवाल्या काकांइतका सोवळा माणूस आर्णी तालुक्यात दुसरा नसेल. देवानं असे दोन घडवले असते तर तालुक्याला पाणी पुरलं नसतं. पण त्यांच्या सोवळ्याची झळ आमच्या चुलीला लागायची, म्हणून आधी चुलीचंच सांगते. आमची वस्ती गावाच्या कडेची. आमच्या हातचं पाणी गावातली जुनी माणसं अजून घेत नाहीत. चक्कीत एकाचं दळण संपलं तरी दगडांत मूठभर पीठ उरतं आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. आमचं पीठ गावाच्या डब्यात, त्यातही मारुतीच्या शनिवारच्या नैवेद्याच्या रोडग्यांच्या कणकेत पडू नये, म्हणून आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी. आई कापूस वेचायला जाताना ज्वारीचा डबा सर्वांआधी ठेवायची आणि तो मागं मागं सरकत दिवेलागणीला दळला जायचा. ती थकून परत यायची तेव्हा घरात पीठ नसायचं, आणि धाकटा भाऊ मुरमुरे खाऊन झोपलेला असायचा. काका नाही कधीच म्हणाले नाहीत. "ठेवून जाय नं माय, संध्याकाळी देतो." ही संध्याकाळ फक्त आमच्या वस्तीसाठी होती.

काकांच्या आंघोळींचा हिशोब त्यांच्या बोअरवेललाच ठाऊक. एकदा त्यांचा साळा नेरहून एसटीनं आला आणि प्रेमानं गळ्यात पडला. काकांनी आधी स्वतः आंघोळ केली, मग त्याला करायला लावली. "एसटीत तुले कोन कोन टेकलं, तुले तरी ठाव हाय का?" चक्कीच्या मोटारीला दर शनिवारी कुंकू, मीटरसमोर चप्पल बंद, आणि लाइट गेली की खांबाकडे तोंड करून आधी नमस्कार, मग शिव्या. भुवया कायम पिठानं पांढऱ्या. आणि हाच माणूस, बाबांचा पाय मोडला होता तेव्हा, भर पावसात आमचं पीठ घेऊन वस्तीच्या तोंडापर्यंत आला होता. छत्री डब्यावर धरलेली, स्वतः चिंब. डबा दगडावर ठेवून काका चार हात मागं सरकले आणि ओरडले, "घे वं माय, गरम हाय अजून!" माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी राज्यशास्त्र घेऊन बीए झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. त्या वर्षी डबा घेऊन मीच चक्कीवर गेले. आमच्या पुढचं दळण संपलं आणि काकांचा हात आमचा डबा सोडून मागच्या डब्याकडे गेला.

"काका, आता आमचा नंबर हाय."

"पोरी, हे रोडग्याचे गहू हायेत. माह्या धर्माचा सवाल हाय. मले धर्म पाळाचा हक्क हाय का नाई? तूच तं शिकली."

"हाय. कलम पंचवीस. पन दुकानात कोनाले जातीवरून अडवाचं नाई, हे कलम पंधरात हाय."

"दोन्ही एकाच पुस्तकात?"

"एकाच."

"मंग आन ते पुस्तक."

मी माझी संविधानाची प्रत नेऊन दिली. काका ती आंघोळ करून, पाटावर बसून, समई लावून, ओळीवर बोट ठेवत वाचू लागले. काकू वैतागल्या, "एवढ्या दिवसात पोथीचं पारायन झालं असतं!" शेवटी एका सकाळी त्यांनी मला बोलावणं धाडलं. चक्कीवर माणसं होती, मंदिराचे पंचही होते. पुस्तक कपाळाला लावून काका म्हणाले, "ह्या पंचवीसच्या सुरुवातीलेच लिवलं हाय, बाकीच्या कलमाइले सांभाळून. म्हंजे देवाचं कलमबी लायनीत उभं हाय. मंग मी कोन?" आणि आईचा डबा उचलून त्यांनी स्वतः चक्कीत ओतला.

"मंग आमी आर्णीच्या चक्कीवर जातो," पंच म्हणाले.

"जा. पन मारुतीचे गहू ठेवून जा."

गोठ्यातून त्यांनी आपल्या मेलेल्या आईचं जातं काढलं. ते किती वेळा धुतलं, हे पुन्हा बोअरवेललाच विचारावं. तेव्हापासून दर शुक्रवारी विजेच्या चक्कीचा मालक ओल्या धोतरात, एक पाय पसरून, सुटलेलं पोट सावरत देवाचे गहू हातानं दळतो आणि धापा टाकत बेसूर ओवी म्हणतो. गाव हसलं. काकू तर सर्वांसमोर म्हणाल्या, "सासू गेली तवा हेच मले म्हनत होते, जातं इकून टाक! आता बसले बायकावानी!" काकांनी खुंटा सोडला नाही. तळहाताचे फोड बघत म्हणाले, "सोवळं माहं हाय, तं घामबी माहाच पायजे."

आमचं दळण झाल्यावर ते आंघोळ करतात का, मी विचारलेलं नाही. करत असतील. ते टोचतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांची आंघोळ त्यांच्या घरात आहे, आणि आमचा नंबर आमच्या हातात. पंचांपैकी काही अजून आर्णीलाच जातात; काकांनी त्यांना परत बोलावलं नाही.

आता त्यांचं मनगट थरथरतं. मी यवतमाळला असते; शुक्रवारी घरी येते तेव्हा जात्याची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येते, मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. ती सुरू होईपर्यंत माझं पाऊल पुढं पडत नाही.

आईचा डबा आता जिथं ठेवला तिथूनच पुढं सरकतो. दिवस बुडायच्या आत आमच्या तव्यावर भाकर असते.