सर्व्हेअरचा चहा

गिरणीचा संप काही मिटेना, तेव्हा मी मुलुंडला गाळा घेऊन शाळेची दप्तरं शिवायला लागलो. वर्ष सरायच्या आत गाळा जळाला आणि विमा कंपनीने नुकसान बघायला एक सर्व्हेअर पाठवला.

आल्या आल्या त्याने खिशातलं लायसन्स दाखवलं. मला, बायकोला, अगदी गेटवरच्या वॉचमनलासुद्धा. पॉलिसी विकणारा एजंट म्हणाला होता, "घाबरू नका, तो आपलाच माणूस." शेजारचा गाळेवाला म्हणाला, "कसला आपला? कंपनीचा माणूस तो!" माझं डोकं चालेना.

तो मात्र उकिडवा बसून जळके गठ्ठे उलटेपालटे करत होता. राख चिमटीत घ्यायचा, हुंगायचा, पँटला बोटं पुसायचा. बायकोने चहा पुढे केला, तसे त्याने हात मागे घेतले.

"ज्याचं नुकसान बघायचं, त्याच्याकडे पाणीही प्यायचं नाही, वहिनी. लायसन्स जाईल."

मला राहवेना. "साहेब, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"जे जळलंय, त्याच्या."

म्हणजे काय, ते मला कळलंच नाही.

निघताना त्याने मला समोरच्या टपरीवर बोलावलं, दोन कटिंग घेतले आणि पैसे स्वतः दिले.

"तुमचा मला चालत नाही. माझा तुम्हाला चालतो ना?"

क्लेम पास होणार म्हणून पाजतोय, की होणार नाही म्हणून? विचारायचा धीर होईना. तो चहा मी फार हळूहळू प्यायलो. संपेपर्यंत तरी माझा धंदा बुडालेला नव्हता.