काशीरामचे निळ्या डोळ्यांचे आजोबा

आमच्या कोन गावच्या काशीरामला एकच खोड: शेजाऱ्याकडे जे असेल ते आपल्याकडे दुप्पट हवं. बंगला बांधून झाला, तसं हॉलमध्ये आजोबांचं भलंमोठं तैलचित्र लावायचं त्यानं ठरवलं. आजोबा जन्मभर मिठागरात राबलेले, काशीराम जन्मायच्या आधीच गेलेले. फोटो एकही नाही. असल्या अडचणींना काशीराम भीक घालत नाही.

पनवेलच्या रद्दीवाल्याकडून त्यानं एक जुनं कॅलेंडर पैदा केलं. त्यावर दीडशे वर्षांपूर्वीचा कुणी गोरा चित्रकार, हातात ब्रश आणि रंगांची थाळी. ते घेऊन हा गेला कळंबोलीला, ट्रक रंगवणाऱ्या परेशकडे.

"काका, या माणसानं स्वतःचंच चित्र काढलंय," परेश म्हणाला.

"मंग खोटं कशाला काडंल? आसाच काड. फकस्त आमचा वाटला पायजे."

परेशनं इमानानं काम केलं. ब्रशचं फावडं झालं, थाळीची मिठाची टोपली, कोटाची बंडी. डोळे तेवढे निळे राहिले.

"खाडीकडं बघून बघून झालं आसतील," काशीराम म्हणाला.

खरी धास्ती आईची होती. आजोबांच्या वेळचं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. वास्तुशांतीला ती, म्हणजे आमची रंभाकाकी, उरणहून, लेकीकडून यायची होती. ती 'हेच' म्हणाली की आजोबा पक्के. 'नाय' म्हणाली तर सगळ्या भावकीत काशीरामचं नाक कापलं जाणार. सकाळपासून तो दर पाच मिनिटांनी चित्रावरचं कापड सारखं करत होता. मला, खरं सांगतो, मजा येत होती.

काकी आली. काशीरामनं चित्रावरचं कापड ओढलं. "आय, बग, तुजा सासरा!"

म्हातारीनं झटकन डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली.

"आगं, वर बग ना. तेच हायेत ना?"

"मना काय ठावं? मामंजींसमोर मी कवा मान वर केलीच नाय," ती लादीकडे बघत म्हणाली. "पाय दाव."

चित्र कमरेपर्यंतच होतं. भावकीनं हसू दाबलं, मी दाबलं नाही.

मग परेशला पुन्हा बोलावणं गेलं. काकी सांगत गेली, तो काढत गेला. "आंगठा आजून वाकडा," असं तिनं त्याला इतकं ऐकवलं की तो रडकुंडीला आला. शेवटी मोठ्या फ्रेमखाली दुसरी फ्रेम लागली, तिच्यात नुसते पाय.

ती बघायला मी हसायच्या तयारीनंच गेलो होतो. काकी त्या मिठानं फाटलेल्या टाचांवरून हात फिरवत होती आणि तिचे डोळे गळत होते.

"या मामंजी, आत या," ती पायांना म्हणाली. "लादी गार हाय. आता नाय झोंबायचं."