पांडवलेण्यांच्या निम्म्या पायऱ्या

तीस वर्षं आईनं शाळेत पांडवलेण्यांतला शिलालेख शिकवला. सातवाहन राणीनं आपल्या मुलाचा पराक्रम दगडात कोरून घेतला, तो. लेणी मात्र तिनं कधी पाहिली नव्हती. शुक्रवारी मला कामासाठी दिंडोरीला जायचं होतं, म्हणून शनिवारची रजा महिनाभर आधी मंजूर करून घेतली आणि आम्ही दोघी कोल्हापूरहून नाशिकला निघालो.

दिंडोरीत द्राक्षबागायतदारांना आमच्या कंपनीची फवारणी यंत्रं चालवून दाखवली. शनिवारी सकाळी पापडासोबत झणझणीत मिसळ खाल्ली आणि लेण्यांचा पायथा गाठला. आईचा गुडघा बदललेला. दहा पायऱ्या, मग दम, असं करत निम्म्यावर आलो, तोच साहेबांचा फोन.

"सटाण्याला एक मशीन बंद पडलंय. तुम्ही तिकडेच आहात ना!"

"सर, मी रजेवर आहे. आई सोबत आहे."

"अहो, फिरायलाच आलात ना? सटाणाही बघून होईल. कस्टमर भयंकर चिडलाय."

"जा तू," आई म्हणाली. "मी चढते हळूहळू."

शेजारी काकड्या विकणाऱ्या बाईंनी तिचा हात धरला. "जा बिनघोर, ताई. मी हाय."

मी "येते, सर" म्हणाले. का म्हणाले, याचा संताप अजून जात नाही.

वाटेतले डोंगर मी पाहिले नाहीत. सटाण्याच्या मळ्यात शेतकरी चकित होऊन पुढं आला. "आज कशाला आल्या, ताई? मी त साहेबांना सोमवारी या म्हनलं व्हतं. घाई नही शे (घाई नाही)."

गाळणीत कचरा अडकला होता. ती धुतली, मशीन सुरू झालं. वीस मिनिटांचं काम! त्या भल्या माणसानं शेवभाजी-भाकरी वाढली, ती घाईघाईनं खाऊन मी निघाले.

संध्याकाळी परतले तेव्हा आई लॉजच्या खोलीत गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. चेहरा उजळलेला. "शिलालेखाची पहिली ओळ मला लागली गं! तू असतीस तर वाचून दाखवली असती." गुडघा टम्म सुजला होता. रविवारी पुन्हा चढणं शक्यच नव्हतं.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय, कामात काम, ट्रिप मजेत ना?"

"मी शनिवारी कामावर होते, सर. रजा परत द्या. आणि कस्टमर चिडला होता म्हणालात ना? लावू त्याला फोन?"

ते खाली बघत कागद चाळू लागले.

रजा परत मिळाली. पण आईनं जन्मात पहिल्यांदा तो शिलालेख पाहिला, तेव्हा मी तिच्या शेजारी नव्हते. ते कोणत्या अर्जानं परत मागू?