कँपाची चूल

मुलं खोकत खोपटांतून बाहेर आली आणि मास्तर हातातला प्लॅन फडकवत माझ्याकडं धावले.

"राघोबा, सांगत होतो की नाही? चूल पूर्वेला घ्या म्हणून?"

मी छपरं शाकारणारा माणूस. शाळा दुसरीत सुटली. पण श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर माझ्या हातचं छप्पर उडालेलं कुणी दाखवावं! मुंबईच्या एका शाळेनं मुलांचा कँप काढला, तेव्हा काँट्रॅक्ट मलाच दिलं. मुलं मास्तरांबरोबर बोटीनं आली. माडांखाली खोपटांची ओळ, पुढं केवड्याचं बन, मग पुळण आणि समुद्र. मागं गोड्या पाण्याची विहीर. भिंती झापांच्या, छपरंही झापांची. झाप म्हणजे विणलेली झावळी. आत गारवा राहतो, पण एक ठिणगी पडली की सगळं खलास.

मास्तर म्हणत होते, वारा समुद्रावरून येतो, चूल पूर्वेला हवी. मी म्हणालो, "वारा डोंगराकडनं समुद्रावर जातो. मतलई म्हणतात त्याला. आमची होडी त्याच वाऱ्यावर बाहेर पडते. मला शिकवू नका." मेढी माझ्या, कुदळ माझी. चूल मी पश्चिमेला घातली. आणि संध्याकाळी धूर सगळा खोपटांत.

"हा आजचाच वारा उलटा हाय," मी म्हणालो. पण छपरावर एक ठिणगी मीच फडक्यानं विझवली होती. मुकाट्यानं चूल उचलून पूर्वेला नेली.

सकाळी मुलं पुन्हा खोकत बाहेर. या खेपेला धावत मी गेलो.

"काय मास्तर? प्लॅन बघून वाहतो न्हाय वारा!"

मास्तर डोळे पुसत होते. तेवढ्यात आचाऱ्यानं पळी आपटली. पालीचे धोंडूभट, अंगानं आडवे आणि रागानं उभे.

"तुमच्या दोघांच्या वाऱ्यात माझे डोळे गेले! काल भात करपला, आज दूध नासलं. मी चाललो. आजच्या बोटीनं."

मास्तरांचं तोंड उतरलं. आचारी गेला तर एवढ्या पोरांना जेवू कोण घालणार? गावात खानावळ नव्हती. "राघोबा, कँप बंद करावा लागेल," ते हळूच म्हणाले. मी खोपटांकडं बघितलं. एका मुलानं दारात शंखांची माळ टांगली होती. माझ्या छपराखालनं ही पोरं एवढ्यात उठून जाणार? न्हाय जमायचं.

धोंडूभट आपली भांडी घेऊन खोपटांच्या ओळीच्या दक्षिण टोकाला, उंडीच्या झाडाखाली बंदरावर जायच्या बैलगाडीची वाट बघत बसले. गाडी येईना. भूक लागली, तसे तीन दगड मांडून स्वतःपुरती भाताची तपेली चढवली. धूर निघाला आणि खोपटांना न शिवता समुद्राकडं गेला. ऊन चढल्यावर वारा फिरला, तर धूर डोंगराकडं. खोपटं आपली मोकळी.

मास्तरांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं.

पोरांना मात्र वास लागला होता. ती ताटं घेऊन उंडीखाली ओळीनं जाऊन बसली.

"हे काय रे? एवढाच भात आहे!" धोंडूभट ओरडले.

"थोडा थोडा वाढा, काका."

भटजींनी कपाळाला हात लावला आणि मोठं पातेलं मागवलं. ते उकळेपर्यंत मी चार मेढी पुरून वर झाप बांधायला घेतले. बोट त्यांना न घेताच गेली.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "भटजी, इथनं धूर खोपटांत जात न्हाय, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"कसला धूर? मला सावली हवी होती."

पुढं पुष्कळ वर्षं कँप तिथंच भरला, चूलही तिथंच. मास्तरांनी प्लॅनवर ती जागा स्वतःच्या हातानं काढली. मी सांगतो की जागा माझी, कारण मेढी मी पुरल्या. एवढं मात्र खरं की तेव्हापासून खोपट घालायच्या आधी मी आचाऱ्याला विचारतो, बसणार कुठं?

वाऱ्याचं मी अजून कुणाला विचारत नाही.