तुळजापूरच्या वाटेवरचं तेल

माझा देवावर विश्वास नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. विश्वास होता, म्हणूनच तर राग होता. वडील तापानं अंथरुणाला खिळले तेव्हा आईनं नवस बोलायचा एकही देव शिल्लक ठेवला नव्हता, तरी वडील गेलेच. त्यानंतर मी देवळाच्या पायरीलाही शिवलो नाही. आई देवपूजा करायची, मी मोटार पुसायचो. तेव्हा सोलापुरात मोटारी फार नव्हत्या. माझी जुनीपुराणी, कापडी टपाची गाडी तुळजापूर वेशीपाशी उभी राहिली, की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. गिरणीचा भोंगा, धुराचा वास आणि त्या गाडीची धडधड, हे सगळं अजून माझ्या कानानाकात आहे. ते दिवस सांगायला लागलो की घरातली माणसं म्हणतात, आता पुन्हा मोटार सुरू झाली!

त्या साली बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिचं गाव तुळजापूरच्या अलीकडे, आडवाटेला. खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन पुजायची, आमच्या घरचं अवजार म्हणजे मोटार. मी नेहमी वरवर फडकं मारून हळदकुंकू लावायचो. त्या वर्षी मी पूजेचं सामान आणायला बाजारात गेलो आणि आईनं डाव साधला. परत येऊन बघतो तर बॉनेट उघडं, इंजिन राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासून तांब्याच्या घागरीसारखं लख्ख केलेलं, आणि आई पदर खोचून, पोतं अंथरून मोटारीखाली उताणी! गिअरबॉक्सवरचा वर्षानुवर्षांचा चिखल आणि काळं वंगण ती उलथन्यानं खरवडून काढत होती. मी ओरडलो. ती आतूनच म्हणाली, "वरडू नगंस. देवाला पारोसं पुजत्यात व्हय रं?"

ओरडण्याला कारण होतं. जुन्या यंत्रावरचं कीट कधी कधी भोकाला बूच होऊन बसतं, ते काढलं की गळती सुरू होते. पण खाली वाकून बघायला सवडच मिळाली नाही. फुलं वाहतोय तोच सासरचा माणूस निरोप घेऊन आला. बायको आदल्या दिवसापासून अडली होती, सुइणीनं हात टेकले होते, तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी हार तसाच ठेवून गाडी हाकली.

तिला मागच्या बाकावर निजवून, सासूबाईंच्या मांडीवर तिचं डोकं ठेवून परत निघालो. मोठ्या रस्त्याला लागलो न लागलो तोच पायाखालून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. तेलावाचून गिअरचे दाते एकमेकांना खातात तेव्हा तो आवाज येतो. आणखी थोडं अंतर रेटलं असतं तर गाडी कायमची बसली असती. मी खाली उतरलो. उजाड माळ, दूरवर घर नाही, मागे बायकोचं कण्हणं. त्या क्षणी मी आईला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. देवीलाही बोललो. म्हटलं, बाप नेलास, आता हिलाही ने, म्हणजे तुझं समाधान होईल.

मोटारीखाली शिरलो. एरवी तिथं इतका राडा असायचा, की तेल कुठून गळतंय ते शोधण्यात संध्याकाळ झाली असती. पण आईनं घासलेल्या त्या स्वच्छ लोखंडावर एकच थेंब जमत होता. गिअरबॉक्समधून मागचा दांडा जिथं बाहेर पडतो तिथली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, कडी झिजली होती. दुखणं समोर दिसत होतं, औषध मात्र जवळ नव्हतं. नमदा नव्हता, आणि तेलाचा डबा पूजेच्या गडबडीत घरीच राहिला होता.

बाहेर आलो तर एक म्हातारा धनगर उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात तेलाचा बुधला, अनवाणी. दसऱ्याला देवीच्या पायाशी पोचायचं म्हणून चालला होता. मी त्या कडीचं काहीबाही सांगितलं असेल, कारण त्यानं आधी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि मग घोंगडीच माझ्यापुढे धरली. "लोकरच पायजे न्हवं? काप की." मी काठाची पट्टी कापली, दांड्याभोवती घट्ट गुंडाळली, वरची टोपी पान्यानं आवळली. नंतर त्यानं बुधल्याचं बूच काढलं. मेंढरं रोगातून वाचली म्हणून देवीच्या दिव्यासाठी बोललेलं एरंडेल होतं ते. माझा हात मागे आला.

"बाबा, हे देवीचं हाय."

"मग? घाल म्हंतो न्हवं. बाई अडली हाय."

त्यानं स्वतःच नरसाळ्यात बुधला उपडा केला. धार संपेपर्यंत पुटपुटत होता, "उदो उदो." मी हँडल मारलं, आवाज मऊ झाला होता. वळून बघेपर्यंत म्हातारा वाटेला लागलेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यात पोचलो आणि मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, तो वाद मी घालत नाही. वडील का गेले याचं उत्तरही मला मिळालेलं नाही. एवढंच कळलं, की माझ्या हातात पाना होता, अक्कल होती, पण त्या माळावर ते पुरेसं नव्हतं. जे कमी पडलं ते कुणीतरी आणून दिलं, आणि मला ते फक्त घ्यायचं होतं. तेवढं घ्यायलासुद्धा माझा हात कचरला होता.

बारशानंतर एका दुपारी बायको म्हणाली, "तुम्ही हँडल मारत होता ना, तेव्हा तो म्हातारा रिकामा बुधला काखेत धरून हात जोडून बोलला, 'आई, तू हितंच भेटलीस, म्हनून त्याल हितंच घातलं. आता निस्तं पाया पडाय येतो.'"

मी म्हटलं, "तुळजापूरकडे बघून बोलला असेल."

ती म्हणाली, "नाही हो. माझ्याकडे बघून."

बाजेशी खाली बसलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं घाबरून पाय आखडले. "अहो, हे काय! आई बघतील ना!"

"बघू दे," मी म्हटलं.