ल्हासाबाईचा रविवारचा फोन

साठीत हातात नवा मोबाइल आला आणि मी स्वतःला लेखिका समजू लागले. त्या भरात ल्हासाबाईचा फोटो, तिची कहाणी आणि तिच्या बहिणीचं नाव-गावसुद्धा सगळ्या जगाला दिसेल असं इंटरनेटवर टाकलं. खाली रडणारे तीन चेहरेही चिकटवले. आज सत्तरी ओलांडल्यावर साठीतल्या त्या कोवळ्या बाईचा, म्हणजे माझाच, कान पिळावासा वाटतो.

ल्हासाबाई हे नाव आम्ही ऐरोलीच्या बायकांनी ठेवलेलं. दिवाळी झाली की ती कर्नाटकातल्या तिबेटी वस्तीतून यायची आणि फुटपाथवर स्वेटर मांडायची. इथल्या उकाड्यात स्वेटर घेणार कोण, असं मी पहिल्याच दिवशी सुनावलं. ती म्हणाली, "दीदी, तू रात्री पंखा लावून झोपते. रबाळ्याच्या नाइट शिफ्टवाल्याला विचार." खरंच, तिच्या कानटोप्या तेच लोक न्यायचे.

स्वेटर ती विकायची, पण विणताना कधी दिसली नाही. तरुणपणी घरात धर्मगुरूंचा फोटो सापडला म्हणून चिनी पोलिसांनी तिला कैद्यांच्या छावणीत टाकलं होतं. तिथे दिवसभर लोकर कातायची, कमी भरली तर जेवण बंद. एकमेकींशी बोलताना सापडलं की अनवाणी बर्फात उभं करायचे. हे सगळं ती गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सांगायची. सुटल्यावर ती डोंगर ओलांडून इकडे आली. धाकटी बहीण मागे राहिली.

दर रविवारी दुपारी त्या बहिणीचा फोन यायचा. मध्ये कुणी ऐकत असणार, म्हणून दोघी हवेचं आणि जेवणाचं तेवढं विचारायच्या. एवढ्यासाठी फोन कशाला, असं मी चिडवलं, तर म्हणाली, "आवाज आला ना. म्हणजे हाय."

संक्रांतीला तिच्या हातावर तिळगूळ ठेवून मी गोड बोला म्हटलं. ती हसतच सुटली. "तिकडे बोलला म्हणून मारतात. तू लाडू देऊन बोल म्हणते."

त्याच संध्याकाळी मी तो पराक्रम केला. सकाळी सुनेने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई, ती बहीण अजून तिकडेच आहे ना?" तिने तिथल्या तिथे सगळं पुसलं. मी धावत जाऊन ल्हासाबाईला सांगितलं. ती रागावली नाही. घडी घातलेला स्वेटर उलगडून पुन्हा घडी घालत बसली.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मी तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहायचे, जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून. मग एका रविवारी फोन वाजला. तिकडे बर्फाने लाइन बंद होती म्हणे. खरं काय ते कोण सांगणार? ल्हासाबाईने नेहमीसारखं हवेचं विचारलं, फोन ठेवला आणि स्वेटरांच्या ढिगात तोंड खुपसून रडली. मीही रडले. यापुढे कुणाबद्दल एक शब्द बोलणार नाही, अशी शपथ घेऊ लागले.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या जागी वस्तीतली तिची मानलेली भाची बसली. मावशी वस्तीतच झोपेत गेली, असं तिने सांगितलं. बहिणीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. बाकीचं लिहिलं, कारण त्या रविवारी माझी शपथ अर्ध्यावर तोडून ल्हासाबाई म्हणाली होती,

"गप नको बसू, दीदी. आधी विचार, पण बोल. माझी बहीण पण तुझ्यासारखी बडबड करत म्हातारी व्हायला पायजे होती."