माळ्याचं जोतं

आमच्या कुसावहिनीनं एकदा मनावर घेतलं की तिच्यापुढं कोणाचं चालत नाही. माझं तर कधीच चाललं नाही. मी तिचा धाकटा दीर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. घरात स्कूटर माझीच, त्यामुळं तिच्या प्रत्येक खुळात मी आपोआप सामील.

नाशकात धुळवडीला वीर निघतात. घराण्यात जो कोणी लढता लढता मेला, त्याचा चांदीचा टाक नारळासोबत लाल फडक्यात बांधायचा आणि हलगीवर नाचत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आंघोळीला न्यायचा. आमचा वीर वहिनीचा नवरा, माझा थोरला भाऊ पुंजा न्यायचा. सत्त्याण्णव साली तो गेला आणि मान आला त्याच्या पोराकडं, हर्षलकडं. तो कॉलेजात शिकलेला. सरळ म्हणाला, "ह्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. मी नाही नाचणार. द्या नदीत सोडून."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वहिनी शांतपणे म्हणाली, "पुढच्या धुळवडीपर्यंत नाव आणते. नाही मिळालं तर मीच सोडते नदीत."

आता आणणार कुठून? भाऊबंदांत विचारलं तर प्रत्येकाचं पुराण वेगळं. कोणी पैठण सांगे, कोणी थेट राजस्थान. वहिनीनं कोणाचं ऐकलं नाही, तिनं चुलीचा विचार केला. आम्ही मळेवाले माळी, बाजरी-गहू खाणारे, पण वीराला नैवेद्य नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरीचाच.

"नागली डोंगरात पिकते, भाऊजी. म्हणजे हा तिकडचा. काढा गाडी."

मग काय, सुट्टी आली की आम्ही बाजार फिरतोय. पेठ झालं, त्र्यंबक झालं. नागली विकणाऱ्या बायकांपुढं ती फतकल मारून बसायची आणि विचारायची, "तुमच्याकडं कधी माळ्याचं घर होतं का गं बाई?" बायका हसायच्या. खड्ड्यांनी माझी कंबर गेली. "बस झालं वहिनी," म्हटलं तर म्हणे, "तुम्ही नका येऊ, मी एसटीनं जाते." असं ऐकल्यावर कोण घरी बसेल?

हरसूलच्या बाजारात एक म्हातारी हसली नाही. झुंबरबाई तिचं नाव. म्हणाली, "घर नाय आता. नुसतं जोतं हाय. माळ्याचं जोतंच म्हनत्यात त्याला."

तिच्या पाड्यावर गेलो. गवतात दगडी जोतं होतं, मधोमध जमिनीत रुतलेलं उखळ. आपली माणसं इथं जेवली, झोपली असतील, असं मनात येऊन मी उखळातला पाला काढत बसलो. वहिनीनं मात्र आधी विचारलं, "इथं कोण मेलं होतं?"

"दरोडा पडला व्हता," झुंबरबाई म्हणाली. "माळी बायकापोरं घिऊन मागच्या दारानं पळालं. पुढलं दार त्यांच्या गड्यानं धरलं. लहानू नाव. माझ्या सासऱ्याचा चुलता. तिथंच तोडला त्याला. माळी नाशकाकडं गेलं म्हनत्यात, परत काय फिरकलं नाय."

वहिनी तिच्या पाया पडली आणि तिला धुळवडीला बोलावून मोकळी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शूर पूर्वज शोधायला आलो आणि आपले तर पळालेले निघाले. वाटेत म्हणालो, "वहिनी, घरी सांगू, काही सापडलं नाही."

तिनं गाडी थांबवायला लावली. "पळाले त्यांनी निदान त्याला देव्हाऱ्यात बसवलं. नाव तेवढं गिळलं. ते आता मीही गिळू?"

मी गाडी सुरू केली.

धुळवडीला आमच्या भाऊकीतले खंडेरावतात्या भडकले. "गड्याला नाचवणार? तो आपल्या कुळाचा आहे का?"

"तात्या, तो नसता तर कुळ उरलं असतं का?" वहिनी म्हणाली. तात्यांनी पटका उचलला आणि निघून गेले. जाऊ देत.

झुंबरबाई ओसरीवर बसली होती. हर्षलनं सगळं ऐकलं होतं. तो आत गेला, टाक आणला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. "आजी, तुमचा माणूस आहे. मी नेऊ का?"

म्हातारीनं टाकावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग आपल्या हातानं नारळासकट लाल फडक्यात बांधून तिनं तो हर्षलकडं दिला.

"ने पोरा," ती म्हणाली. "पन मधीच टाकून पळू नको."

हर्षलनं मान खाली घालून दोन्ही हातांनी तो घेतला.